घरचं शेअर्ड फोल्डर बाहेरून उघडत नाही? आधी घरातच बघा

नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि त्यांच्या ओळखीतली माणसं मिळून हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय, की फोनवर "अरे, ते फोल्डर..." एवढं ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "घरात उघडतंय का?" पलीकडून बहुतेकदा शांतता. कारण ते कोणी बघितलेलंच नसतं. माणूस हिंजवडीत, कॉम्प्युटर कर्वेनगरात, मग गडबड मधल्या रस्त्यात असणार असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. "बाहेरून उघडत नाही" म्हणून माझ्याकडे आलेली बरीचशी फोल्डरं शेजारच्या खोलीतूनही उघडत नव्हती.

खालचं सगळं विंडोज कॉम्प्युटरवर शेअर केलेलं फोल्डर धरून लिहिलंय. घरात नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा असेल तरी क्रम हाच, फक्त मेनू वेगळे.

लक्षणं

"उघडत नाही" ही तक्रार झाली. लक्षण म्हणजे पडद्यावर नेमकं काय येतं ते. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, मग पुढे वाचा.

बराच वेळ हिरवी पट्टी सरकते आणि शेवटी "नेटवर्क पाथ सापडला नाही" असं येतं, बऱ्याचदा शेवटी ८००७००३५ हा आकडा. याचा अर्थ तुम्ही दारापर्यंत पोचलाच नाहीत. यंत्र बंद आहे, पत्ता चुकलाय किंवा मध्ये फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत आहे.

नाव-पासवर्डाची चौकट येते, बरोबर पासवर्ड टाकला तरी पुन्हा येते. इथे दार सापडलंय, पण आतला तुम्हाला ओळखत नाही. ही चौकट दिसली तर राऊटरला हात लावू नका, रस्ता ठणठणीत आहे.

"ॲक्सेस डिनाइड" येतं. ओळख पटली, परवानगी नाही.

घरी उघडतं, मोबाइल डेटावर उघडत नाही. हाच खरा बाहेरचा बिघाड.

छान चालतं आणि काही दिवसांनी आपोआप बंद पडतं. हा सगळ्यांत छळणारा प्रकार, पण याची कारणं मोजकी आहेत.

यंत्र जागं आहे का?

हसू नका. घरी कोणी असेल तर फोन करून विचारा : दिवा लागलाय का, माउस हलवल्यावर पडदा उजळतो का? विंडोज काही वेळ काम नसलं की झोपतं, आणि झोपलेल्या यंत्राचं फोल्डर कोणालाच दिसत नाही. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन चार्जरवर असताना "स्लीप" कधीच नको असं करा. पडदा बंद झाला तर चालेल.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. वीज जाते, काही भागांत पाणीही. वीज आली की राऊटर आपोआप चालू होतो, कॉम्प्युटर मात्र कोणी बटण दाबेपर्यंत बंदच राहतो. मला असे फोन शुक्रवारी सकाळी जास्त येतात, हे लक्षात यायलाच मला वर्ष लागलं. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस तपकीर गल्लीत सहज मिळतो. घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. आणि सॉकेटवर "हे बटण बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवा. कामवाल्या ताईंनी मिक्सरसाठी प्लग काढला म्हणून मी एकदा सिंहगड रोडवरून औंधपर्यंत गाडी हाणलेली आहे.

आता घरातून उघडून बघा

त्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून फोल्डर उघडा. नावाने उघडू नका, आकड्यांच्या पत्त्याने उघडा : विंडोजच्या रन चौकटीत \\१९२.१६८.१.२० असा, तुमच्या कॉम्प्युटरचा जो असेल तो पत्ता. पत्ता माहीत नसेल तर त्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या आणि आयपीव्ही४ ची ओळ वाचा. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या यंत्राला राऊटरकडून काही मिळालेलंच नाही. केबल काढून घाला, राऊटर चालू आहे का बघा. फोल्डरचा इथे काही दोष नाही.

पत्त्यानेच का? नावाने शोधताना विंडोज दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी नाव सोडवायला जातं, आणि त्यातलं काहीही बिघडू शकतं. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर फोल्डर चांगलं आहे, बिघाड फक्त नावाचा. "नेटवर्क" या यादीत कॉम्प्युटर दिसत नाही म्हणूनही लोक हैराण होतात. ती यादी वेगळ्या सेवेवर चालते. पत्त्याने उघडत असेल तर यादीकडे दुर्लक्ष करा.

घरात दोन राऊटर असतील, एक इंटरनेटवाल्याने दिलेला आणि एक तुम्ही बेडरूमसाठी घेतलेला, तर लॅपटॉप आणि कॉम्प्युटर दोन वेगळ्या जाळ्यांत बसलेले असू शकतात. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने. तसं असेल तर दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं जाळं न करता पहिल्याचंच वायफाय पुढे पसरवेल. आणि "गेस्ट" वायफायवरून प्रयत्न करत असाल तर सोडा. पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू नयेत म्हणूनच ते असतं.

पत्ता बदलला

"चालतं आणि आपोआप बंद पडतं" याचं सर्वांत नेहमीचं कारण हे. राऊटर प्रत्येक यंत्राला पत्ता भाड्याने देतो. आपला भाडेकरार अकरा महिन्यांचा, राऊटरचा अनेकदा एका दिवसाचा. एरवी त्याचं नूतनीकरण गुपचूप होत राहतं, पण वीज गेली आणि राऊटर आपली वही विसरला, की काल २० वर राहणारा कॉम्प्युटर आज २३ वर सापडतो. तुमच्या मोबाइलमध्ये मात्र जुनाच पत्ता जपून ठेवलेला.

उपाय राऊटरमध्ये करायचा. राऊटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकल्यावर उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, "ॲड्रेस रिझर्व्हेशन" नावाची सोय असते. तिथे त्या कॉम्प्युटरच्या मॅक ॲड्रेसपुढे, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकापुढे, एक पत्ता कायमचा लिहून टाका. पत्ता कॉम्प्युटरमध्येच हाताने भरणं मला आवडत नाही. उद्या राऊटर बदलला की नेटच बंद पडतं, आणि दोन वर्षांपूर्वी कोणी काय भरलं होतं हे कोणालाच आठवत नाही. कॉम्प्युटर केबल आणि वायफाय दोन्हींवर असेल तर लक्षात ठेवा, दोन्हींचे मॅक ॲड्रेस वेगळे असतात. केबल वापरा आणि वायफाय बंद ठेवा.

"पब्लिक" की "प्रायव्हेट"?

विंडोज प्रत्येक जाळ्याला एक शिक्का मारतं. "पब्लिक" म्हणजे रेल्वे स्टेशन, "प्रायव्हेट" म्हणजे घर. पब्लिक असेल तर विंडोज स्वतःला लपवतं आणि शेअरिंगची दारं लावून घेतं. नवा राऊटर आणला की विंडोजसाठी ते नवं जाळं होतं आणि शिक्का बहुधा पब्लिकचा बसतो. म्हणून "राऊटर बदलल्यापासून बंद आहे" असं कोणी म्हणालं की मी आधी हेच बघतो. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन प्रायव्हेट करा. अर्ध्या मिनिटाचं काम.

इथे एक इशारा. फायरवॉल पूर्ण बंद करून बघायचा मोह होतो. निदान म्हणून दोन मिनिटं ठीक आहे, पण लोक नंतर चालू करायला विसरतात. यूट्यूबवर "फायरवॉल ऑफ करा, झालं!" म्हणणारे घरी येऊन ती ऑन करून जात नाहीत.

पासवर्ड : इथेच सगळ्यांत जास्त वेळ जातो

चौकट पुन्हापुन्हा येत असेल तर पहिला प्रश्न : तुम्ही पिन तर टाकत नाही ना? कॉम्प्युटर रोज चार-सहा आकडी पिनने उघडायची सवय लागलेली असते आणि माणूस तोच पिन या चौकटीत टाकतो. पिन त्या एका यंत्रापुरता, त्याच्यासमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही. इथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो तीन वर्षांपूर्वी ईमेल खातं जोडताना टाकलेला, आता कोणालाच न आठवणारा असतो.

खात्याला पासवर्डच नसेल तर? आजोबांच्या कॉम्प्युटरवर हे हमखास. रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आतच घेत नाही. समोर बसून उघडतं, बाहेरून नाही.

म्हणून हल्ली मी कोणाच्याही खात्याशी खेळत बसत नाही. त्या कॉम्प्युटरवर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल, म्हणजे ईमेलशी न जोडलेलं, त्याच यंत्रापुरतं खातं काढतो, त्याला लांब पासवर्ड देतो आणि फोल्डरची परवानगी तेवढ्याच खात्याला देतो. घरातल्यांचे पिन, ईमेल, चेहरा दाखवून उघडणं, सगळं जिथल्या तिथे राहतं. नाव टाकताना कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ (\), मग खात्याचं नाव असं पूर्ण टाका, नाहीतर तुमचा लॅपटॉप स्वतःच्याच खात्याचं नाव पुढे करतो.

तरीही जमत नसेल तर लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा. जुना, चुकीचा पासवर्ड तिथे जपून ठेवलेला असतो आणि विंडोज तुम्हाला न विचारता तोच पाठवत राहतं. त्या पत्त्याची नोंद काढून टाका आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. रीस्टार्ट अशासाठी, की एकाच यंत्राशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडायला विंडोज नकार देतं, आणि आधीची अर्धवट जोडणी तशीच लटकलेली असते.

"पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग" बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. देऊ नका आणि घेऊ नका. त्या क्षणी तुमचं फोल्डर वायफायवरच्या प्रत्येकाचं होतं, आणि तुमचा वायफायचा पासवर्ड किती पाहुण्यांकडे आहे ते आठवा.

परवानगीचे दोन थर

"ॲक्सेस डिनाइड" येत असेल तर फोल्डरच्या गुणधर्मांत दोन जागा बघाव्या लागतात : "शेअरिंग" मधल्या परवानग्या आणि "सिक्युरिटी" मधल्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि दोन्हींपैकी जी कडक ती चालते. एकीकडे "फुल कंट्रोल" देऊन दुसरीकडे नावच नसेल तर दार बंद. जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून नव्यात बसवली असेल तर सिक्युरिटीच्या यादीत ओळखू न येणारी लांबलचक अक्षरं दिसतात. ती जुन्या कॉम्प्युटरवरची खाती, इथे त्यांना काही किंमत नाही.

जुनी यंत्रं

राऊटरच्या मागे पेन ड्राइव्ह खुपसून केलेलं शेअरिंग किंवा दहा-बारा वर्षांचा नास असेल तर एसएमबी १ ही फोल्डर शेअरिंगची जुनी भाषा आड येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो याच भाषेतल्या भोकातून, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून विंडोज १० ने ती मूळ मांडणीतून काढायला घेतली. ती परत चालू करता येते. मी करून देत नाही. यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून एसएमबी २ किंवा ३ मिळत असेल तर ठीक, नसेल तर त्या यंत्राला निरोप द्या.

विंडोज ११ प्रो वर २४एच२ ही आवृत्ती आल्यापासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरनंतर, पासवर्डाशिवायची "गेस्ट" जोडणी मुळातच बंद असते. "अपडेटनंतर नास गायब" या तक्रारीमागे बहुधा हेच. नासवर नाव-पासवर्डाचं खातं काढा, प्रश्न मिटतो.

आता उंबरठ्याबाहेर

घरात पत्त्याने आणि पासवर्डाने फोल्डर उघडलं, तरच इथून पुढे या. बाहेरची चाचणी घरी बसूनच होते : लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. मोबाइलचंही वायफाय बंद आणि डेटा चालू हवा, नाहीतर काही फोन घरचंच वायफाय पुढे वाटतात आणि चाचणी खोटी ठरते.

काही करायच्या आधी एक गोष्ट करू नका. राऊटरमध्ये ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे जोडण्या आत घेणारं त्या क्रमांकाचं दार, बाहेर उघडू नका. फोल्डर शेअरिंग याच पोर्टावर चालतं, म्हणून "पोर्ट फॉरवर्ड करा" हा उपाय सोपा वाटतो. इंटरनेटवर उघडी ४४५ शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. नासचं लॉगिनचं पान थेट बाहेर उघडणंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप या कंपनीचे असेच थेट इंटरनेटला उघडे नास गाठून फायली कुलूपबंद केल्या होत्या.

शिवाय अनेक घरगुती जोडण्यांवर पोर्ट उघडून उपयोगही होत नाही. राऊटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर इंटरनेटवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मोठ्या सोसायटीचं एकच गेट असावं तसं. आतून कोणी बोलावलं असेल तरच वॉचमन सोडतो, आणि पाहुण्याला फ्लॅट नंबर ठाऊकच नाही. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्या राऊटरपुढे इंटरनेटवाल्याचा डबाही राऊटरगिरी करतोय.

यावर मी टेलस्केल वापरतो. वायरगार्ड या तंत्रावर बांधलेलं हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा, आणि दोन्ही बाजूंनी आतूनच बाहेर हाक मारत असल्याने गेटचा प्रश्न येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर आणि लॅपटॉपवर एकाच खात्याने टाकलं की प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि फोल्डर त्या पत्त्याने उघडतं. त्याच्या दोन खोड्या मात्र सांगून ठेवतो, कारण "आपोआप बंद पडलं" चे पुढचे सगळे फोन त्यांचेच असतात. एक, विंडोजवर ते मुळात कोणी लॉगिन केल्यावरच जोडलं जातं. गुरुवारी वीज जाऊन आली, कॉम्प्युटर आपोआप सुरूही झाला, पण लॉगिनच्या पडद्यावर थांबून राहिला, तर बाहेरून काही दिसणार नाही. टेलस्केलच्या पर्यायांत "रन अनअटेंडेड" आहे, ते चालू करा. दोन, यंत्राची किल्ली १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. घरच्या कॉम्प्युटरपुरती ही मुदत ॲडमिनच्या पानावरून बंद करता येते. माझ्या मेहुण्याचं फोल्डर दर सहा महिन्यांनी बंद पडायचं आणि आम्ही दोनदा राऊटरला दोष देऊन मोकळे झालो होतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हे टाकायच्या आधी तिथल्या आयटी विभागाला विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" असतं, आणि ते बरोबर आहे.

व्हीपीएन राऊटरवरच चालवत असाल तर आणखी दोन अडथळे. मेहुण्याच्या बंगळुरूच्या फ्लॅटमधला राऊटर १९२.१६८.१ वर आणि पुण्यातलाही १९२.१६८.१ वर. एमजी रोडला जायचंय म्हटलं तर बंगळुरूचा रिक्षावाला पुण्याच्या कॅम्पात कशाला नेईल? लॅपटॉपचंही तसंच होतं, तो पुण्याचा पत्ता त्या फ्लॅटमध्येच शोधत बसतो. पुण्याच्या घरातल्या पत्त्यांची मालिका बदलून १९२.१६८.७३ सारखी सहसा कोणी न वापरणारी करा आणि आधीचं पत्त्याचं रिझर्व्हेशन पुन्हा भरा.

दुसरा अडथळा फायरवॉलचा, आणि हा मला सापडायला दोन रविवार गेले. प्रायव्हेट जाळ्यावर फोल्डर शेअरिंगला परवानगी देणारा विंडोजचा नियम फक्त "लोकल सबनेट" साठी असतो, म्हणजे घरच्या मालिकेतल्या पत्त्यांसाठी. व्हीपीएनमधून येणारा दुसऱ्या मालिकेतला, म्हणून तो परका. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञांच्या खिडकीत, टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट ४४५ देऊन चालवा. घरातून "ट्रू" आणि व्हीपीएनमधून "फॉल्स" आलं तर हाच संशय धरा. ॲडव्हान्स्ड फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचा एसएमबी-इन हा नियम शोधून त्याच्या "स्कोप" मध्ये व्हीपीएनची मालिका जोडा. "एनी" करू नका.

उघडतं, पण रडतखडत

घरून बाहेर येणारी फाइल तुमच्या घरच्या अपलोड वेगाने येते, डाउनलोडच्या नाही. अपलोड २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला फार तर अडीच एमबी. चार जीबीचा लग्नाचा व्हिडिओ म्हणजे जवळजवळ अर्धा तास. तो आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग बघा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मात्र असा बाहेरून थेट उघडू नका. मध्येच जोडणी तुटली की डेटा अर्धवट लिहिला जाऊ शकतो. त्यासाठी व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉप घ्यावं, पण ते देण्यासाठी घरच्या यंत्रावर विंडोज प्रो लागतं, होम आवृत्तीत ती सोय नाही.

इथे थांबा

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फोल्डर उघडताना अख्खा कॉम्प्युटर गोठत असेल तर तपासण्या बंद करा आणि यंत्र बंद करा. प्रत्येक प्रयत्नात डिस्क आणखी खराब होते. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्याचं, आमच्यासारख्या रविवारच्या मेकॅनिकचं नाही.

फायलींच्या नावांची शेपटं बदललेली दिसली आणि पैसे मागणारी चिठ्ठी सापडली तर लगेच केबल काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर ती सोडवा. काही पुसू नका, फॉरमॅट तर अजिबात नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जाणकार माणूस बोलवा.

इंटरनेटवाल्याच्या डब्याचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर तो फोडायच्या मागे लागू नका, त्यांच्याकडेच तक्रार करा. फोल्डरमध्ये अशिलांची, पेशंटांची किंवा दुसऱ्या कोणाचीही कागदपत्रं असतील तर बाहेरच्या जोडणीचं काम पहिल्यापासूनच पैसे देऊन करून घ्या. आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही, बदलायची पाळी आली की माझ्या लेखी घरगुती दुरुस्ती संपली.

माणूस बोलावलात तर त्याला पडद्यावर आलेल्या संदेशाचा तो फोटो, राऊटरचा वॅन आयपी आणि "घरात उघडतं, हॉटस्पॉटवर नाही" एवढं एक वाक्य द्या, त्याचा तासभर वाचेल. तो निघण्याआधी फोल्डरच्या परवानग्यांची यादी उघडून बघा. तिथे "एव्हरीवन" पुढे "फुल कंट्रोल" दिसलं, किंवा राऊटरमध्ये ४४५ उघडलेलं सापडलं, तर ते काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.